खांब पोहोचला नाही, तरी दिवा लागतो : रानातल्या वस्तीवर वीज-पाण्याचे गणित कसे जमते?

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघाले की लिंबागणेश लागते. भालचंद्र गणपतीच्या देवळासाठी ओळखले जाणारे हे बीड तालुक्यातले गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. दिवस मावळल्यावर गावठाणात दिवे लागतात, रस्त्यावरची हॉटेले उजळतात. पण नजर रानाकडे वळवली तर अंधारात लांबलांब एखादा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे वस्ती. दोन-अडीच एकर रान, पत्र्याचे घर, शेजारी गोठा, कडब्याची गंज आणि छपरावर किंवा बांधावर तिरके लावलेले एक सौर पॅनेल.

शहरात ‘ऑफ-ग्रिड’ राहणे ही हौस आहे. त्याचे व्हिडिओ निघतात, शनिवार-रविवारची शेतघरे विकली जातात. बालाघाटावर ती हौस नाही. खांब आला नाही म्हणून, नळ आला नाही म्हणून माणसे तशी राहतात. फरक एवढाच की दहा-पंधरा वर्षांपूर्वी या वस्तीवर रॉकेलची चिमणी होती, आता बॅटरी आहे. ही बॅटरी, पाण्याची टाकी आणि रस्ता या तीन गोष्टींवर घर रानात टिकते की परत गावात येते, हे ठरते. त्याचेच हे गणित.

गाव सोडून रानात का राहायचे?

पहिले कारण जनावरे. दोन बैल आणि एक गाय गावातल्या गल्लीत बांधायची आणि रोज दोन-तीन किलोमीटर रानात न्यायची, यात अर्धा दिवस जातो. दुसरे कारण राखण. रानडुकरे एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात, हरणे कोवळा हरभरा खुडतात. जवळच नायगावचे मयूर अभयारण्य असल्याने मोरांचे थवे पेरलेले बी टिपतात, ही तक्रार या पट्ट्यात जुनीच आहे. तिसरे कारण घरातल्या वाटण्या. भावाभावांत गावातले घर वाटले की एका खोलीवर किती जण राहणार? रान मात्र आपले असते.

आणि एक कारण असे आहे, जे बीड सोडून इतरत्र चटकन कळत नाही. या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिकडे ती उसाच्या फडाजवळ कोपी टाकून राहतात. कोपीतही वीज नाही, नळ नाही, संडास नाही. म्हणजे तारेविना राहणे या माणसांना नवे नाहीच. सहा महिने दुसऱ्याच्या फडावर तसे राहायचे की बारा महिने स्वतःच्या रानात, हा खरा प्रश्न असतो. रानात पाणी मार्चपर्यंत पुरले तर निदान एखादा तरी जोडपे-कोयता घरी थांबू शकतो.

डोक्यावर पवनचक्की, मग घरात अंधार का?

नवा पाहुणा हा प्रश्न हमखास विचारतो, आणि प्रश्न बरोबर आहे. बालाघाटाच्या पठारावर वारा चांगला असल्याने बीड, पाटोदा, केज भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पात्यांची सावली ज्या घरावरून फिरते, त्या घरात कधीकधी विजेचे मीटर नसते.

कारण तांत्रिक आहे. पवनचक्कीत तयार होणारी वीज साधारण 690 व्होल्टची असते. ती बुंध्याजवळच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये 33 हजार व्होल्टपर्यंत चढवून उपकेंद्राकडे पाठवली जाते. या उच्चदाबाच्या तारेवरून घराला थेट जोडणी देता येत नाही. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर (म्हणजे आपली डीपी), लघुदाब वाहिनी, खांब आणि तारा लागतात. वीज कंपनीने विकत घेतलेली असते, पवनचक्की कोणाच्या रानात आहे याच्याशी तिचा संबंध उरत नाही. जमीन देणाऱ्याला मोबदला मिळतो, वीज नाही.

मग घरासाठी खांब का येत नाही? एका वस्तीसाठी अर्धा-पाऊण किलोमीटर वाहिनी ओढणे वीज कंपनीला परवडत नाही. राज्याच्या 2020 च्या कृषिपंप जोडणी धोरणातच हे उघडपणे मांडले आहे. लघुदाब वाहिनीपासून 200 मीटरपर्यंत साधी जोडणी, त्यापुढे 600 मीटरपर्यंत उच्चदाब वितरण प्रणालीतून आणि त्याहून लांब असेल तर सौरपंप. डोंगरपट्ट्यातल्या बऱ्याच वस्त्या या 600 मीटरच्या पलीकडे पडतात.

आणि तार आली म्हणजे सुटलो, असेही नाही. शेतीच्या फीडरवर तीन फेजची वीज दिवसाला आठ तास, तीही पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. उरलेल्या वेळात सिंगल फेज असेल तर घरात दिवा, नसेल तर तोही नाही. डीपी जळली की ती बदलून येईपर्यंत अख्खा शिवार अंधारात. त्यामुळे तार असलेल्या वस्त्यांवरही बॅटरी दिसते.

एका घराला वीज लागते तरी किती?

पाच माणसांचे घर धरू. नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास, कमी वीज खाणारे दोन पंखे रात्रभर, छोटा टीव्ही तीन तास आणि तीन मोबाइल. बेरीज केली तर दिवसाला जवळपास एक युनिट होते. बस्स, एवढेच.

महाराष्ट्रात एक किलोवॅट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देते. म्हणजे 400 वॅटचे एक पॅनेल, वाटेतली गळती धरूनही, या घराला पुरते. अडचण पॅनेलची नाही, बॅटरीची आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिट साठवते. पण ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर दोन वर्षांत बसते. अर्धीच वापरायची म्हटले तर हातात 0.9 युनिट उरतात. म्हणजे एक रात्र. जुलै-ऑगस्टमध्ये तीन दिवस आभाळ दाटून राहिले की तिसऱ्या रात्री पंखा बंद, दिवा एकच.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दुकानदार सांगतो, ‘टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळे चालेल.’ मिक्सर चालतो, कारण तो पाच मिनिटे चालतो. इस्त्री आणि पाण्याचा हीटर या आकाराच्या संचावर चालत नाहीत. फ्रिजला पॅनेल आणि बॅटरी दोन्ही दुप्पट-तिप्पट लागतात. लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण ती जास्त खोलवर वापरता येते, पाणी घालावे लागत नाही आणि नीट वापरली तर आठ-दहा वर्षे जाते. ट्यूब्युलर चार-पाच वर्षे. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे राहिले तर त्याहून कमी. विहिरीचे पाणी ओतून बॅटरी मारल्याची उदाहरणे प्रत्येक शिवारात मिळतील.

पॅनेलवरची धूळ आठवड्यातून एकदा, सकाळी काच गार असताना, पुसायची. मार्च-एप्रिलच्या सोसाट्याच्या वाऱ्यात सांगाडा उडू नये म्हणून पाय काँक्रीटमध्ये पुरायचे. अर्थिंग नीट करायचे, कारण मराठवाड्यात वीज पडण्याचे प्रमाण मोठे आहे आणि जवळपास पडलेली वीजही कंट्रोलर जाळते. माणसांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देते. रानात राहणाऱ्याच्या फोनमध्ये ते असायलाच हवे.

अनुदान कशाला मिळते आणि कशाला नाही?

‘पीएम सूर्यघर’ या फेब्रुवारी 2024 च्या योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30 हजार आणि तीन किलोवॅट किंवा अधिकला 78 हजार रुपये अनुदान आहे. जाहिरात पाहून वस्तीवरचा माणूस अर्ज भरायला जातो आणि परत येतो. कारण हे अनुदान वीज कंपनीच्या तारेला जोडलेल्या छतासाठीच आहे. मीटर नाही तर अनुदान नाही. ज्याच्याकडे वीज आहे त्याला सौरऊर्जेला मदत आणि ज्याच्याकडे नाही त्याला नाही, असा हा उलटा न्याय वाटतो. पण योजनेचा हेतू बिल कमी करणे हा आहे, अंधार घालवणे हा नाही.

अंधार घालवण्याची योजना होती ती ‘सौभाग्य’. सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दुर्गम घरांना 200 ते 300 वॅटचा सौर संच, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. ती मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हा संच मिळालेल्या घरांची पाच वर्षांची देखभालही आता सरत आली किंवा सरली आहे. बॅटरी बदलायची ती स्वतःच्या खिशातून.

शेतीसाठी चित्र वेगळे आहे. केंद्राच्या ‘पीएम-कुसुम’चा आधार घेऊन राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आणली. त्यात सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरायचे. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही त्यात आहे. विमा असल्याने पॅनेल किंवा केबल चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार, मग कंपनीला कळवणे, हा क्रम चुकवू नये.

मोटारीला तीन हजार वॅट, घराला शून्य

3 अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे 3,000 वॅटची पॅनेल असतात. घराला 400 वॅट पुरतात. पंप वर्षातले सगळे दिवस चालतही नाही. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचाच अंदाज आहे की तो साधारण 150 दिवस वापरला जातो. उरलेले सात महिने ही पॅनेल ऊन खात उभी. आणि शंभर पावलांवर पोरे बॅटरीच्या उजेडात अभ्यास करतात.

यावर उपाय आहे. ‘युनिव्हर्सल कंट्रोलर’ नावाचा डबा बसवला तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, घरचा भार चालू शकतो. नियमांत त्याला परवानगी आहे, पण त्याच्या जादा किमतीला अनुदान नाही. म्हणून तो फार कमी ठिकाणी दिसतो. मग गावातला एखादा वायरमन पॅनेलच्या तारेला टॅप मारून देतो. ते धोक्याचे आहे. पंपाची पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात आणि तिथे शेकडो व्होल्टचा डीसी दाब असतो. डीसीचा धक्का जीवघेणा ठरू शकतो, ठिणगी लवकर विझत नाही. शिवाय छेडछाड दिसली की हमी जाते. घरासाठी वेगळे लहान पॅनेल घेणे, हाच सरळ मार्ग.

सौरपंपाचा मोठा लाभ मात्र पैशांत मोजता येत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना 2024 पासून वीज मोफत झाली आहे, त्यामुळे बिल वाचते हा मुद्दाच उरला नाही. वाचते ती रात्र. आष्टी तालुक्यात 2020 च्या नोव्हेंबरमध्ये बिबट्याने माणसे मारली, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात रात्री दारे धरायला जायला कोणी धजत नव्हते. पाळी मात्र रात्रीचीच होती. सौरपंप दिवसा चालतो.

वीज नसली तर चालते, पाणी नसले तर?

बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो जून ते सप्टेंबरमध्ये, आणि हल्ली चार-सहा दिवसांत. सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने माती खरवडून नेली. 2012-13 आणि 2015-16 मध्ये जनावरे छावणीला होती. पठाराचा उतार असा की पाणी थांबत नाही. मांजरा नदी उगम पावते ती याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात, पण तिचे पाणी अडते खाली केज तालुक्यात, धनेगावच्या धरणात. जमीन बेसॉल्टची. वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. बोअर लागले तर भेगेत, नाहीतर कोरडे. 200 फुटांहून खोल विंधण विहिरींवर राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने निर्बंध आहेत, तरी माणसे त्याहून खोल जातात आणि कर्ज काढून धूळ काढतात.

आता हिशेब. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांना 275. दोन बैल आणि एक गाय मिळून 150, चार शेळ्यांना 20. रोजचे झाले 445 लिटर. विहीर फेब्रुवारीत आटली असे धरले तर मेअखेरपर्यंतच्या 120 दिवसांना 53 हजार लिटर लागतात. दहा हजारांचे टँकर धरले तर पाचाहून जास्त टँकर, तेही वस्तीपर्यंत रस्ता असेल तर.

पत्र्याचे छप्पर इथे कामाला येते. 500 चौरस फूट पत्र्यावर 600 मिलिमीटर पाऊस पडला तर, वाया जाणारे सोडून, 22 हजार लिटर पाणी हाती येऊ शकते. पिण्या-स्वयंपाकाला पाच जणांना रोज 100 लिटर पुरतात. म्हणजे 20 हजार लिटरची टाकी ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला भरलेली असेल तर ती एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरते. अट एकच. पावसाळ्यात विहीर भरलेली असते तेव्हा विहिरीचेच पाणी वापरायचे, टाकीला हात लावायचा नाही. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यायचे, नळीच्या तोंडाला फडके बांधायचे, टाकीचे झाकण घट्ट ठेवायचे, नाहीतर डेंग्यूच्या डासांना आयतेच घर मिळते. नळी, पन्हळ, टाकी यांचा खर्च एका कोरड्या बोअरपेक्षा कमी येतो. तरी बोअरची गाडी रात्रीत येते आणि टाकीचे काम ‘पुढच्या वर्षी’वर जाते. खाली पाणी आहे या आशेला छपरावरच्या पाण्यापेक्षा जास्त भाव आहे, दुसरे काय म्हणावे?

जनावरांना आणि भाजीपाल्याला शेततळे लागते. सरकारी मापाचे मोठे तळे 30 बाय 30 मीटर आणि तीन मीटर खोल. त्यात सुमारे 22 लाख लिटर मावते. पण बांधासह ते दहा-बारा गुंठे खाते. दोन एकरवाल्याला ते झेपत नाही. 15 बाय 15 मीटरच्या तळ्यात 4 लाख 40 हजार लिटर बसते. घर आणि जनावरांच्या उन्हाळी गरजेच्या आठपट. मात्र मुरमाड जमिनीत प्लॅस्टिकचे अस्तर नसेल तर पाणी झिरपून जाते, आणि अस्तर असले तरी ऊन पिऊन टाकते. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी रोज अर्धा ते एक सेंटिमीटर खाली जाते. 15 मीटरच्या तळ्यावर अर्धा सेंटिमीटर म्हणजे हजार लिटरहून जास्त. घराला दोन दिवस पुरेल एवढे पाणी रोज आभाळात. तळ्यावर शेडनेट टाकता आले तर उत्तम, निदान वाऱ्याच्या बाजूला शेवरी-बांबूची दाट ओळ हवी.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल अंदाजपत्रकात ओळ नसते. अस्तराच्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरते, पाय घसरला की वर येता येत नाही. शेततळ्यात पोरे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, बऱ्याचदा एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. चारी बाजूंनी तारेचे कुंपण, काठावरून पाण्यात सोडलेला गाठी मारलेला दोर आणि बांधलेली जुनी ट्यूब. खर्च हजार-दोन हजारांचा.

चुलीचे काय?

पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या आहेत तोवर चूल पेटते. सिलिंडर असतो, पण तो संपला की दुचाकीवर बांधून आणायचा, म्हणून तो चहापुरता. गोबरगॅस हा चांगला पर्याय वाटतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला मात्र रोज 50 किलो शेण लागते, आणि जनावरामागे मिळते सरासरी 10 किलो. तीन जनावरांवर एक घनमीटरचेच चालेल, म्हणजे एक शेगडी दोन तास. शेणाइतकेच पाणीही कालवावे लागते. मे महिन्यात रोज 25 लिटर पाणी गोबरगॅसला घालणारे घर डोंगरपट्ट्यात विरळा. म्हणून कोरडी पडलेली संयंत्रे दिसतात, त्यात बांधणाऱ्याचा दोष थोडाच.

संडासाला मात्र वस्तीवर दोन शोषखड्ड्यांचा नमुना उत्तम चालतो. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला दीड-दोन वर्षांनी उघडला तर वास नसलेले खत निघते. बाईमाणसाला अंधारात लांब जावे लागत नाही. वस्तीवर राहायला सून तयार होते की नाही, हे पुष्कळदा या चार भिंतींवर ठरते.

रात्र आणि पान लागणे

पावसाळ्याच्या सुरुवातीला बिळात पाणी शिरते आणि साप घराजवळ येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी. यातली मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचे अनेकदा कळतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलता येत नाही, घरचे समजतात वारे गेले. म्हणून बाज हवी, आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली हवी. दारात रात्रभर जळणारा एक-दोन वॅटचा दिवा याच कामाचा. बॅटरीत काही राखून ठेवायचे तर ते यासाठी.

साप चावला तर दोरीने घट्ट आवळणे, ब्लेड मारणे, मांत्रिक हे काहीही करू नये. हात-पाय हलू न देता सरळ ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. प्रतिसर्पविष चारही जातींवर चालते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते.

पुढचा दीड किलोमीटर कोणाचा?

इथे वस्तीचे सगळे प्रश्न एका जागी येतात. काळ्या मातीच्या पाणंदीत पावसाळ्यात दुचाकी रुतते. दुधाचे कॅन डोक्यावर, आजारी माणूस बाजेवर, टँकर वळणावरूनच परत. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मात्र एसटी रस्त्यावर येते, वस्तीवर नाही. मुलगी सातवीनंतर घरी बसली तर कारण फी नसते, चिखल असतो.

कायद्याचे दोन मार्ग आहेत. रस्ता मुळातच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. असलेला रस्ता कोणी नांगरला किंवा काट्या टाकून अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम 5 लागते. त्याला अडवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ‘भावकी आहे, मिटेल’ म्हणत वर्ष घालवले की हा मार्ग बंद होतो. खडीकरणासाठी मातोश्री पाणंद योजनेत 2021 पासून तरतूद आहे, पण गावनकाशावर रस्ता असावा किंवा सगळ्या बांधकऱ्यांची संमती असावी. एकाने नाही म्हटले की खडी थांबली.

मग हाती लागते काय?

लागते, आणि थोडे नाही. गोठा घराशेजारी आला की शेण उकिरड्याला नीट जाते, गाय वेळेवर कळते. न्हाणीच्या पाण्यावर शेवगा, कढीपत्ता, दोन आळी भोपळा-दोडक्याची होतात. दहा गावरान कोंबड्या सांडलेल्या दाण्यावर जगतात. बांधावरच्या सीताफळाला पाणी घालावे लागत नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि दिवाळीच्या आगेमागे मांजरसुंब्याच्या घाटात पाट्या लागतात तेव्हा चार पैसे रोख हातात येतात. पेरणीला वापसा झाला की पहाटे तिफण जुंपता येते. डुकरांची राखण झोपेतूनही होते, कुत्रे भुंकले की पुरते. मोबाइल चार्ज असल्याने ई-पीक पाहणीचा फोटो बांधावरूनच जातो आणि बाजारभाव आडतीत जाण्याआधी कळतो.

वजाबाकीत एकटेपणा आहे. सणाला गावात देऊळ गजबजते, वस्तीवर ढोल ऐकू येतो फक्त. म्हातारी माणसे हे बोलून दाखवत नाहीत, पण आठवडी बाजाराच्या दिवशी ती पहिल्यांदा तयार होऊन बसलेली असतात.

पोळा झाला की मुकादम वस्त्यांवर फिरू लागतात. उचल घ्यायची की नाही, हे घरातली माणसे तेव्हा ठरवतात. तळ्यात पाणी किती, टाकी भरली का, कडबा किती पेंढ्या, पाणंदीतून दूध डेअरीपर्यंत जाईल का, याची बेरीज ओसरीवर होते. जमले तर थोरला कोयता जातो आणि धाकटा रानात थांबतो. नाही जमले तर शेळ्या पाहुण्याकडे, पॅनेल उतरवून गावातल्या घरात, आणि जाताना बॅटरी भरून, तार सोडवून ठेवायची. रिकामी ठेवली तर सहा महिन्यांनी परत आल्यावर ती चार्ज धरत नाही.